शिवारात भरणारं शहर

मार्गशीर्षातल्या अमावास्येला सकाळी दहानंतर धाराशिवमध्ये कुणाकडे काम घेऊन जाऊ नये. बाजारपेठेतली शटरं खाली असतात, शाळा बंद, कचेऱ्यांना जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली स्थानिक सुट्टी, टपरीवरचा चहासुद्धा मिळण्याची खात्री नाही. शेतापर्यंत चालवत नाही म्हणून एखाद्या दारात कुणी म्हातारं माणूस ऊन खात बसलेलं दिसतं. बाकी घरांना कुलपं. वर्तमानपत्रं दरवर्षी या दिवसाला 'अघोषित संचारबंदी' म्हणतात. त्याच वेळी शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर, तुळजापूरकडे, बेंबळीकडे, तेरकडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून चाललेल्या असतात. मोटारसायकलवर पुढे पोरगं, मागे बायको आणि दोघांच्या मधे, धक्का लागू नये म्हणून फडक्यात बांधून धरलेलं आंबिलीचं बिंदगं. येळवस आहे. पंचांगात तिला दर्शवेळ अमावास्या म्हणतात, सरकारी परिपत्रकात वेळ अमावास्या; बोलण्यात मात्र येळवसच.

महाराष्ट्राच्या इतर भागांतल्या माणसाला हा सण बहुधा ठाऊक नसतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाला 'येळवशीला गावी चाललोय' म्हटलं की तो विचारतो, म्हणजे काय? धाराशिव आणि लातूर हे येळवशीचे मुख्य जिल्हे. (1982 पर्यंत तो एकच उस्मानाबाद जिल्हा होता, लातूर त्यातून वेगळा झाला, पण येळवस काही वाटून घेता आली नाही.) सोलापूरच्या अक्कलकोट भागात आणि सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गीतही हीच अमावास्या शेतात साजरी होते. हा सगळा पट्टा कधीकाळी निजामाच्या राज्यात किंवा त्याच्या काठावर होता. 1948 ला हैदराबाद मुक्त झालं, 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत मराठी मुलूख इकडे आणि कानडी मुलूख तिकडे गेला. काळ्या मातीला मात्र ती रेघ कधी लागली नाही. धाराशिवच्या शिवारात आंबील शिंपडताना जो पुकारा करतात, त्यात आजही कानडी बोल मिसळलेले असतात, आणि अर्थ न कळताही तो चौथीतल्या पोराला तोंडपाठ असतो.

सण म्हणजे काय, तर कृतज्ञता. जमिनीला नमस्कार करायचा, तिच्यातून आलेलं तिला आधी चारायचं आणि मग आपण खायचं. जगात बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांनी असा एखादा दिवस राखून ठेवला आहे. अमेरिकेतला तसा दिवस थँक्सगिव्हिंगचा, नोव्हेंबरमधल्या चौथ्या गुरुवारी. 1621 मध्ये प्लिमथ इथे इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आणि तिथल्या वांपानोग लोकांनी सुगीनंतर एकत्र जेवण केलं, ही त्याची सांगितली जाणारी सुरुवात. पुढे 1863 मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अब्राहम लिंकन यांनी त्याचा राष्ट्रीय जाहीरनामा काढला. आज तो दिवस न्यूयॉर्कसारख्या शहरात पाहावा. मेसीज या दुकानाची मिरवणूक 1924 पासून निघते. त्यातले प्रचंड फुगे आदल्या संध्याकाळी नॅचरल हिस्टरी म्युझियमभोवतीच्या रस्त्यांवर फुगवतात आणि ते फुगवणं पाहायलाच माणसांची रीघ लागते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून थंडीत कुडकुडत लोक पदपथांवर जागा धरून बसतात. न्यू जर्सीतली मराठी घरंही त्या लांब सुट्टीत एकमेकांकडे जमतात, प्रत्येक घरचा एक पदार्थ येतो. तो सण शेतातून निघून शहरात आला आणि शहराने त्याला आपला करून घेतला, हे मोठंच काम आहे.

येळवशीचा प्रवास याच्या बरोबर उलट दिशेचा. इथे सण शहरात येत नाही, शहराला शेतात जावं लागतं. धाराशिवची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत लाखाच्या थोडी वर होती. जिल्ह्यातल्या 16 लाख 57 हजार माणसांपैकी शंभरात सतराच शहरांत राहणारी. म्हणजे इथला वकील, प्राध्यापक, औषधांचा दुकानदार, एसटीचा वाहक, कुणीही असो, त्याच्या घरापासून शेत एका पिढीच्या अंतरावर असतं. येळवस ते अंतर एका दिवसापुरतं मिटवते.

दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा आहे. थँक्सगिव्हिंग सुगीनंतर येतो: धान्य कणगीत पडलं, मग आभार. येळवस येते तेव्हा खरिपाचा हिशेब झालेला असतो, पण रब्बी अजून उभी असते. ज्वारी पोटऱ्यात असते किंवा निसवत असते, हरभरा फुलांत नाहीतर कोवळ्या घाट्यांत, तुरीच्या शेंगा भरलेल्या, करडई काट्यावर आलेली. हाती काहीच लागलेलं नसतं. आणि धाराशिवच्या शेतकऱ्याला हाती लागेपर्यंत काय काय होऊ शकतं, ते चांगलं माहीत आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा उभी ज्वारी झोपली. 2015-16 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 2025 च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम भागात पुराने घरं, जनावरं आणि शेतातली मातीसुद्धा वाहून नेली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 19 डिसेंबरला, येळवस आली. अशा मुलखातली माणसं पीक घरात येण्याआधीच मातीचे उपकार मानतात. या सणाचं मोठेपण तिथे आहे.

तयारी दोन दिवस आधी सुरू होते आणि ती जवळजवळ सगळी बायकांच्या अंगावर पडते. आदल्या दिवशीच्या बाजारात एरवी न दिसणारे ढीग लागतात: हरभऱ्याची डहाळी, तुरीच्या आणि वालाच्या शेंगा, पावटा, वाटाणा, चाकवत, चुका, मेथी, कांद्याची पात, गाजरं, बोरं, कोवळी चिंच. कुंभाराकडची नवी बिंदगी रांगेत मांडलेली असतात. रात्री जेवणं उरकली की घराघरांत चादर पसरून शेंगा सोलायचं काम चालतं. यात पोरंही बसतात. सोलता सोलता निम्मे दाणे पोटात जातात आणि त्याबद्दल कुणी रागावत नाही.

भज्जी ही येळवशीची राणी. (तळलेल्या भज्यांशी तिचा काही संबंध नाही.) आधी दाणे शिजवायचे: सोलाणे, तुरी, वाल, पावटे, वाटाणे, भुईमूग. दुसरीकडे पालेभाज्या आणि गाजर-वांग्याच्या फोडी. चिंच उकळून तिचा कोळ. हिरवी मिरची, लसूण, आलं, जिरं यांचं भरड वाटण. मग मोठ्या पातेल्यात सगळं एकत्र करून त्यात हरभरा डाळीचं पीठ कालवून घालायचं आणि गुठळी होऊ न देता सतत ढवळत राहायचं. पहाटे तीन-चारला एकजण चुलीशी आणि दुसरी उलथणं धरून, असं चित्र कुठल्याही घरी दिसेल. पीठ शिजत आलं की भज्जी जड होते, फदफद करू लागते, हातावर चटके बसतात. घरच्या मोठ्या बाईने चव घेऊन 'आंबट कमी आहे' म्हटलं की पुन्हा चुका, पुन्हा कोळ. त्या मोसमात शिवारात जे जे म्हणून हिरवं आणि दाणेदार असतं, ते सगळं या एका पातेल्यात येतं. गावात ज्याच्या रानात वाल नाही, तो शेजारच्या रानातून आणतो; ज्याच्याकडे चाकवत आहे, तो दारोदार जुड्या देतो. म्हणून एका घरची भज्जी म्हणजे खरं तर पाच-सहा शेतांची भज्जी असते.

तिच्यासोबत बाजरीचे उंडे. पिठात मीठ-जिरं घालून, गोळे वळून वाफवलेले. ते भज्जीत कुस्करून खायचे. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची पोळी, ताकातला आंबट भात, गुळातली गव्हाची खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ शिजवून गार करायचं, ताकात कालवायचं, लसूण-आल्याचं वाटण, मीठ, जिरं, कोथिंबीर घालून आंबवायला ठेवायचं. मातीच्या बिंदग्यात ती दुपारपर्यंत थंड राहते. भरपेट जेवल्यावर उन्हात झाडाखाली पेलाभर आंबील प्यायली की डोळे आपोआप मिटतात, याला कुठल्याही वयाचा अपवाद नाही.

शेतात आधी कोप बांधायची. ते पुरुषांचं आणि पोरांचं काम. कडब्याच्या पेंढ्या गोल उभ्या करून शेंडे एकत्र बांधतात, वरून शाल किंवा जरीचं पातळ पांघरतात. आत पाच दगड, चुन्याने रंगवलेले. ते पांडव. जवळच लक्ष्मी. घरोघरी मांडणी थोडीफार वेगळी, पण पांडव पाच आणि तोंड शिवाराकडे, हे सगळीकडे. आख्ख्या देशाने महाभारतातलं युद्ध लक्षात ठेवलं. या भागाने वनवासातले, झोपडीत राहणारे पांडव जवळचे मानले. हळद-कुंकू, ओटी, सगळ्या पदार्थांचा नैवेद्य, आरती. मग घरातला एकजण डोक्यावर किंवा खांद्यावर बिंदगं घेतो, दुसरा कडुनिंबाच्या नाहीतर आंब्याच्या डहाळीने आंबील शिंपडत चालतो आणि मागे सगळं घर पुकारा करत शेताला फेरी घालतं. पिकाला जेवू घालायचं, मगच माणसांची पंगत. काही गावांत संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात. काही ठिकाणी नव्या मडक्यात दूध उतू घालतात आणि ते कोणत्या दिशेला उतू गेलं यावरून पुढचं पीकपाणी जोखतात.

लोहारा-उमरगा भागातल्या येळवशीला आणखी एक पदर आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरातली गावं नव्या जागी वसवली गेली. घरं हलली, जमिनी हलत नाहीत. त्यामुळे काही कुटुंबांची शेताची वाट आजही जुन्या, ढासळलेल्या गावठाणावरून जाते. बिंदगं घेऊन चाललेली म्हातारी माणसं तिथे पोरांना दाखवतात, इथे आपला वाडा होता.

आता पंगतीकडे, कारण येळवशीचा खरा कस पंगतीतच लागतो. ज्याला शेत आहे, त्याने ज्याला नाही त्याला बोलावायचं, हा या दिवसाचा अलिखित कायदा. बदलून आलेला तहसील कचेरीतला कारकून, बँकेतली परप्रांतातली मुलगी, भाड्याने राहणारे शिक्षक, दर्ग्याच्या गल्लीतले मुसलमान शेजारी, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळ्यांना आमंत्रणं असतात, आणि एकेकाला तीन-तीन. एका शेतात जेवून उठलं की बांधावरून दुसरा हाक मारतो: 'या की पावणं, दोन घास आमच्यातबी.' नाही म्हणता येत नाही. धाराशिवला दोन-तीन वर्षं नोकरी करून गेलेली माणसं पुढे कुठेही असोत, तुळजाभवानीच्या दर्शनाइतकीच येळवशीच्या जेवणाची आठवण काढतात.

पण हा कायदा पूर्ण पाळला जातो का, हे विचारलं पाहिजे. सालगड्याचं आणि बटईदाराचं कुटुंब मालकाच्या कोपीला येतं, बऱ्याच ठिकाणी पंगतीत मानाने बसतं; काही ठिकाणी ते वाढण्या-उचलण्यातच राहतं आणि शेवटी जेवतं. हे बदललं पाहिजे. ज्या हातांनी वर्षभर त्या मातीत काम केलं, त्यांचं ताट पहिल्या पंगतीत हवं. तसंच बायकांचं. रात्रभर चुलीपुढे जागलेली बाई शेतातही शेवटच्या पंगतीला, उरलंसुरलं घेऊन बसते, आणि सासू-सुना, जावा सगळ्यांनाच ते साधं वाटतं. अलीकडे काही घरांत पुरुष वाढायला उभे राहतात आणि बायका आधी बसतात. वाढणाऱ्याचा हात अवघडतो, पण त्या पंगतीचा आनंद वेगळाच असतो.

आणि काही माणसं तर या दिवशी शिवारातच नसतात. कळंब, वाशी, भूम भागातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीला कोयते घेऊन गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. येळवस त्यांना पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडात गाठते. त्या दिवशीही मोळ्या बांधायच्याच असतात. अवर्षणाच्या जिल्ह्याचा कृतज्ञतेचा सण त्याच जिल्ह्यातल्या सगळ्यात कष्टकरी माणसांना मिळत नाही, ही गोष्ट भज्जीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखात यायला हवी.

सणाचं सामान ज्वारीचं आहे आणि ज्वारी कमी होत चालली आहे. खरिपाचं मोठं क्षेत्र सोयाबीनने व्यापलं, रब्बीत हरभरा पसरला, पाणी असलेल्या ठिकाणी ऊस गेला. कारण समजण्यासारखं आहे. हरभरा यंत्राने निघतो. रब्बी ज्वारी अजूनही पुष्कळ ठिकाणी हाताने उपटावी लागते, मग कणसं मोडायची, मग मळणी. माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तरी मजुरीचा मेळ बसत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी या काळ्या रानात पिढ्यान् पिढ्या पिकली: माणसाला भाकर आणि जनावराला कडबा, दोन्ही एका ताटातून. 2023 हे भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. त्यानंतरही कोपीसाठी पाच-दहा पेंढ्या शेजारच्या गावातून मागून आणाव्या लागणारी शेतं आहेत. काही जण तुराट्यांची कोप करतात, काही नुसती साडी बांधून घेतात. पांडवांना त्याचं काही वाटत नसेल. पण शेतात कडबा नाही म्हणजे गोठ्यात जनावर नाही, जनावर नाही म्हणजे शेणखत नाही, ताकही विकतचं. आंबील ज्या चक्रातून येते, तेच चक्र तुटत चाललं आहे.

पुण्यात राहणारी धाराशिवची पोरं येळवशीसाठी रजा काढतात. आदल्या रात्री हडपसरहून निघणाऱ्या एसट्या आणि ट्रॅव्हल्स भरलेल्या असतात. मुंबईहून लातूरला जाणारी रेल्वे पहाटे धाराशिवला उतरवते. ज्यांना रजा मिळत नाही, ते पुण्यातच चार घरं मिळून एखाद्याच्या गच्चीवर किंवा ओळखीच्या शेतात भज्जी-आंबील करतात. ते जरूर करावं. पण लहान मुलं असतील तर त्यांना एकदा तरी गावच्या शेतात आणावं. त्यांना त्या दिवशी खेळणी लागत नाहीत. आंब्याच्या फांदीला कासऱ्याचा झोका, बोरीखाली दगड मारून पाडलेली बोरं, विहिरीत वाकून पाहू नको म्हणून ओरडणारी आजी, बांधावर पडलेला चुलत्यांचा घोळका. शहरातली मुलं पहिल्यांदा घाटा तोंडात फोडतात आणि त्याची आंब लागून तोंड वाकडं करतात, मग थांबत नाहीत. अलीकडे निघालेल्या पैसे भरून जायच्या हुरडा पार्ट्यांनी शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, हे चांगलंच; पण येळवशीला तिकीट नाही, आणि ते कधीही असू नये.

जाता-येताना एवढं सांभाळावं. पत्रावळी पानांच्या न्याव्यात, थर्माकोलच्या नकोत. दुसऱ्या दिवशी बांधाबांधावर उडणाऱ्या पांढऱ्या ताटल्या पाहून मन विटतं. मोटारी ज्वारीत घालू नयेत. मोठमोठे स्पीकर घरी ठेवावेत.

तिथीचा हिशेबही ध्यानात ठेवायला हवा. 11 जानेवारी 2024, 30 डिसेंबर 2024, 19 डिसेंबर 2025 अशा येळवशी आल्या. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने पुढची येळवस 7 जानेवारी 2027 ला, गुरुवारी येते. इंग्रजी वर्ष 2026 येळवशीविना जातं. एवढा अवधी हाताशी असताना ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी, दहा गुंठे असेल तरी, या रब्बीत चार ओळी ज्वारीच्या आणि एक वाफा वालाचा टाकावा, आणि ज्या घराला शेत नाही अशा एका घराला आत्ताच सांगून ठेवावं: येळवशीला आमच्याकडे यायचं. ऊसतोडीला गेलेलं शेजारचं घर उन्हाळ्यात परत येईल, तेव्हा त्यांच्यासाठीही एकदा आंबील करावी, तिथी नसली तरी चालेल.